विस्थापन म्हणजे अंतर नव्हे

भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत एक मुलगा असतो. तो ३ मीटर पूर्वेला चालतो, मग ४ मीटर उत्तरेला चालतो आणि थांबतो. मी शिकत होतो तेव्हाही तो होता, आजही आहे. कधी मीटरच्या जागी किलोमीटर येतात, कधी मुलाच्या जागी मुंगी किंवा मोटार येते. प्रश्न मात्र तोच. त्याचं विस्थापन किती? उत्तर ५. दोन गुण मिळाले, चला पुढच्या प्रश्नाकडे.

तो मुलगा सरळ का गेला नाही, असं कुठल्याही परीक्षेत विचारलेलं मी पाहिलेलं नाही. ५ मीटरमध्ये काम होत असताना जो ७ मीटर चालतो, त्याच्या वाटेत काहीतरी आडवं असलं पाहिजे. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, तो क्षणात सांगेल की मधे कुणाचं तरी सोयाबीन उभं आहे. पोरगं बांधावरून गेलं, म्हणून त्याला काटकोनात वळावं लागलं. कायदाही हेच सांगतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ नुसार, शेतात जायला वाट नसेल तर तहसीलदार शेजारच्या सर्व्हे नंबरच्या हद्दीवरून वाट देऊ शकतो. हद्दीवरून म्हणजे बांधावरून. दुसऱ्याच्या पिकातून तिरपं जाण्याचा हक्क त्यात नाही. शेतरस्त्यांचे किती तंटे तहसीलच्या पायऱ्यांवर म्हातारे झाले, ते गावाकडच्या माणसाला सांगायला नको. त्या सगळ्या तंट्यांत ३, ४ आणि ५ चा हाच त्रिकोण बसलेला आहे.

माझी तक्रार अशी आहे. सदिशांची बेरीज आपण पोरांना आकड्यांची करामत म्हणून शिकवतो. अंतर आणि विस्थापन यांतला फरक व्याख्येपुरता घोकून घेतो. कुठल्या प्रश्नाला विस्थापन हे उत्तर आहे आणि कुठल्या प्रश्नाला ते उत्तर नाहीच, हे शिकवत नाही. मग हीच पोरं मोठी होऊन खुर्चीत बसतात, नकाशावर पट्टी ठेवून विस्थापन मोजतात आणि कागदावर त्याला ‘अंतर’ असं नाव देतात. फरकाचे किलोमीटर दुसरंच कुणीतरी चालतं.

पाठ्यपुस्तकाला मी फार दोष देणार नाही. बालभारतीच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिलाच धडा ‘गतीचे नियम’ आहे आणि त्याची सुरुवात चांगली आहे. शीतल मैत्रिणीच्या घरावरून शाळेत जाते, प्रशांत सरळ जातो, दोघांची चाल सारखी, तर लवकर कोण पोहोचेल? पुढे स्वराली गोल मैदानाला फेरी मारते आणि फेरी पूर्ण झाल्यावर तिचं विस्थापन शून्य निघतं. मैदानाची त्रिज्या १०० मीटर, म्हणजे ६२८ मीटर चालून शून्य. हा शून्य ऐकून वर्गातली पोरं हसतात. हसतात तिथेच थांबायला हवं, कारण पोरांना काहीतरी खटकलेलं असतं. पण तास पुढे जातो आणि फळ्यावर व्याख्या येते.

अकरावीत तर सगळंच बदलतं. दहावीपर्यंत मराठीत किंवा उर्दूत शिकलेलं पोर विज्ञान शाखेत जातं आणि भौतिकशास्त्र इंग्रजीतून सुरू होतं. मराठीत व्हेक्टरला सदिश म्हणतात. दिशा त्या शब्दातच आहे, अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. उर्दूत सिम्तिया म्हणतात, सिम्त म्हणजे दिशाच. हॅमिल्टन नावाच्या आयरिश गणितज्ञाने १८४० च्या दशकात गणितात रुळवलेला ‘व्हेक्टर’ हा शब्द लॅटिन आहे. त्याचा अर्थ वाहून नेणारा. म्हणूनच डॉक्टर लोक डासालाही व्हेक्टर म्हणतात. शब्द वाईट नाही, पण आमच्या पोरांच्या कानाला त्यात दिशा ऐकू येत नाही. जो अर्थ नववीत फुकट मिळाला होता, तो अकरावीत हातातून जातो आणि त्या जागी सूत्र येतं. ए वर्ग अधिक बी वर्ग अधिक दोन ए बी कॉस थीटा, या सगळ्याचं वर्गमूळ.

माझी भाची उर्दू माध्यमातून दहावी झाली आणि आता अकरावी विज्ञानाला आहे. तिच्या वहीत या सूत्राची तीसेक गणितं सोडवलेली पाहिली. सगळी बरोबर होती. मी म्हटलं, घरापासून बाजारापर्यंतचं तुझं विस्थापन काढून दाखव. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “मामू, ये इम्तेहान में नै आता.” तिचं काही चुकलं नाही. तिला जे शिकवलं तेच ती बोलली. सीईटी आणि नीटच्या तयारीत एका प्रश्नाला मिनिटभर मिळतं, आणि मिनिटभरात बाजारात जाऊन येता येत नाही.

आता हेच गणित आमच्या जिल्ह्याच्या नकाशावर करून बघू. बुलढाण्याच्या लोकांची सवय आहे, जिल्ह्याचे दोन भाग सांगायचे, घाटावर आणि घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात. रेल्वे घाटाखालून जाते. जिल्ह्याचं गाव असूनही बुलढाण्याला रेल्वे नाही, म्हणून मुंबईची गाडी पकडायची तर आधी राजूर घाट उतरून मलकापूर गाठायचं.

समजा एक माणूस बुलढाण्याहून मलकापूरला गेला, तिथलं काम उरकलं आणि महामार्गाने नांदुऱ्यावरून खामगावला पोहोचला. नकाशावरून मोजलं तर मलकापूर हे बुलढाण्याच्या उत्तरेला सुमारे ३९ किलोमीटर आणि पूर्वेला जेमतेम २ किलोमीटर आहे. मलकापूरहून खामगाव पूर्वेला सुमारे ३८ आणि दक्षिणेला सुमारे १९. आता बेरीज करा. पूर्वेचे पूर्वेत मिळवायचे, २ आणि ३८ मिळून ४०. उत्तरेच्या ३९ मधून दक्षिणेचे १९ वजा, राहिले २०. म्हणजे तो माणूस निघाला तिथून पूर्वेला ४० आणि उत्तरेला २० किलोमीटरवर आहे. ४० चा वर्ग १६००, २० चा ४००, बेरीज २०००, वर्गमूळ सुमारे ४५. दिशा पूर्वेकडून उत्तरेला साधारण २७ अंश. हे त्याचं विस्थापन. दोन टप्प्यांची सरळ लांबी नुसती मिळवली असती तर ३९ आणि साडेबेचाळीस मिळून ८१ च्या वर गेली असती, आणि रस्त्याची वळणं धरली तर आणखी जास्त.

यात कॉस थीटा कुठे लागला? कुठेच नाही. पूर्वेचं पूर्वेला, उत्तरेचं उत्तरेला, उलट दिशेचं वजा, एवढंच सदिशांच्या बेरजेचं मर्म आहे. बाजारात जमाखर्च लिहिणाऱ्या कुणालाही ते कळतं. सूत्र खोटं नाही, पण ते शेवटी यायला हवं. आपण ते आधी देतो आणि मग पोरांना वाटतं की भौतिकशास्त्र म्हणजे कंसात काय भरायचं याचा खेळ.

याच प्रवासात एक गोष्ट मी मुद्दाम सोडली होती. बुलढाणा समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे आणि मलकापूर अडीचशेच्या आसपास. म्हणजे राजूर घाटाच्या वाटेवर साधारण ४०० मीटरची चढउतार आहे. ही तिसरी दिशा. ती बेरजेत धरली तर बुलढाणा-मलकापूर विस्थापन किती वाढतं? ३९ किलोमीटरला ४०० मीटरची काटकोनात जोड दिली की लांबी वाढते जेमतेम २ मीटरने. हिशेब करून बघा, माझ्यावर विश्वास ठेवू नका. अख्खा घाट विस्थापनाच्या आकड्यात २ मीटरचा आहे. आता सायकलवरून तो घाट चढणाऱ्याला जाऊन सांगा की बाबा, फरक फक्त २ मीटरचा आहे.

इथे कुणी म्हणेल की मग विस्थापन ही निरुपयोगी भानगडच झाली. नाही. तेच ४०० मीटर वेगळ्या प्रश्नात ठेवा. ५० किलो वजनाचा माणूस मलकापूरहून बुलढाण्याला आला, तर त्याला वर उचलण्यासाठी गुरुत्वाविरुद्ध किती कार्य झालं? ५० गुणिले ९.८ गुणिले ४००, म्हणजे सुमारे १ लाख ९६ हजार ज्यूल. तो राजूर घाटाने आला, की बोथ्याच्या घाटाने फिरून आला, की गावोगावी थांबत आला, या उत्तरात तिळमात्र फरक पडत नाही. गुरुत्वाकर्षणाला वाट दिसतच नाही. त्याला फक्त सुरुवातीची जागा आणि शेवटची जागा कळते. या प्रश्नाला विस्थापन हेच नेमकं उत्तर आहे.

घर्षणाचं तसं नसतं. ते प्रत्येक मीटरला आपली वसुली करतं. टायर झिजतो तो वाटेवर, डिझेल जळतं ते वाटेवर. एसटीचं भाडं ६ किलोमीटरच्या टप्प्याने आकारलं जातं आणि टप्पे रस्त्यावर मोजलेले असतात. भाडं विस्थापनावर असतं तर सकाळी खामगावला जाऊन संध्याकाळी घरी परतलेल्या माणसाला दोन्ही तिकिटांचे पैसे परत द्यावे लागले असते. महामंडळाला ही गोष्ट चांगली ठाऊक आहे. शिकलेल्या साहेबांना मात्र ती पुन्हा समजावून सांगावी लागते.

गोल मैदानाचं उदाहरण शिकवायला आमच्याकडे तर जगात नावाजलेली जागा आहे. लोणारचं विवर उल्का आदळून झालेलं आहे, काठापासून काठापर्यंत व्यास सुमारे १.८ किलोमीटर. काठावरून अर्धी फेरी मारली तर चाल होते साधारण २.८ किलोमीटर आणि विस्थापन १.८. पूर्ण फेरी मारली तर साडेपाच किलोमीटरच्या वर चाल आणि विस्थापन शून्य. आकडे स्वरालीच्या मैदानासारखेच येतात. पण लोणारमध्ये आणखी एक गोष्ट डोळ्यांनी दिसते, जी मैदानात दिसत नाही. समोरच्या काठाकडे जाणारी १.८ किलोमीटरची रेघ हवेतून जाते. तिच्याखाली शंभर मीटरहून जास्त खोल उतार, झाडी आणि खारं पाणी आहे. त्या रेघेवर माणूस चालू शकत नाही. पोरांना काठावर उभं करून समोर बोट दाखवा, विस्थापन काय आहे ते कळेल, आणि ते काय नाही तेही कळेल. सहली तिथे नेहमी जातात, पण फोटो काढून परत येतात.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो, त्याकडे येतो. शिक्षण हक्क कायद्याखाली केंद्राची २०१० ची आदर्श नियमावली आहे. त्यात पहिली ते पाचवीच्या मुलासाठी शाळा १ किलोमीटरच्या आत असावी असं म्हटलं आहे, आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत. त्यातला महत्त्वाचा शब्द म्हणजे चालत जाण्याचं अंतर. मसुदा लिहिणाऱ्याला अंतर आणि विस्थापन यांतला फरक कळत होता. एवढंच नाही, जिथे पूर येतो, दरड कोसळते, रस्ता नाही किंवा लहान मुलाला वाटेत धोका आहे, तिथे ही मर्यादा आणखी कमी करून शाळा द्यावी, असंही त्या नियमावलीत आहे. वाट कशी आहे याचा विचार करणारा नियम आपल्याकडे आहे, याचं मला अजूनही नवल वाटतं.

अंमलबजावणीत काय होतं? २५ टक्के राखीव जागांच्या ऑनलाइन अर्जात पालकाने नकाशावर आपल्या घराचा फुगा ठेवायचा आणि मग किती किलोमीटरच्या आत कुठली शाळा येते ते दिसतं. ते अंतर सरळ रेषेतलं असतं. लोकांनी त्याला नावही दिलं आहे, हवाई अंतर. पहिलीतलं पोर हवाई मार्गाने शाळेत जात नाही. पुढे ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारने नियमच बदलला. खासगी शाळेपासून १ किलोमीटर त्रिज्येच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेला या राखीव जागा द्यायला नकोत. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ ला हा बदल रद्द केला. न्यायालयाची कारणं कायद्याची होती, भूमितीची नव्हती. पण भूमिती बघा. २०१० साली जिथे चालत जाण्याचं अंतर होतं, तिथे २०२४ साली त्रिज्या आली. मुलाची वाट गेली आणि कंपास आला.

(जाता जाता. बातम्यांत आणि सरकारी पत्रकांत सर्रास ‘एक किलोमीटरच्या परिघात’ असं छापून येतं. परिघ म्हणजे वर्तुळाची कड. ज्याचा परिघ १ किलोमीटर, त्या वर्तुळाची त्रिज्या १६० मीटरसुद्धा भरत नाही. म्हणायचं असतं त्रिज्येच्या आत, लिहितात परिघात. हे सातवी-आठवीचं गणित आहे.)

त्रिज्येने मोजलं तर काय बिघडतं, ते सदिशांच्या भाषेतच सांगतो. समजा एक वस्ती नाल्याच्या दक्षिणेला आहे आणि शाळा नाल्याच्या उत्तरेला, वस्तीच्या बरोबर समोर ८०० मीटरवर. उन्हाळ्यात पोरं नाल्यातून जातात. पावसाळ्यात नाला भरला की पूल पकडावा लागतो, आणि पूल पूर्वेला दीड किलोमीटरवर आहे. पोर दीड किलोमीटर पूर्वेला जातं, ८०० मीटर उत्तरेला जातं आणि पुन्हा दीड किलोमीटर पश्चिमेला येतं. बेरीज करा. पूर्वेचे दीड आणि पश्चिमेचे दीड कटले. विस्थापन ०.८ किलोमीटर. मर्यादेच्या आत, शेरा ठीक. पोराच्या पायाखालून मात्र ३.८ किलोमीटर गेले, आणि संध्याकाळी घरी येताना आणखी ३.८. फळ्यावर कटलेले ते दीड-दीड किलोमीटर चिखलात कटत नाहीत. पैनगंगेच्या, पूर्णेच्या, खडकपूर्णेच्या काठी राहणाऱ्या वाचकांना हा नाला ओळखीचा वाटेल.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्यात २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले गेले, तोरणमाळ आणि पानशेतचा दाखला देऊन. त्यावर बाजूने आणि विरोधात पुष्कळ बोललं गेलं. पट कमी झाला की शिक्षक एकटा पडतो, ही अडचण खरी आहे, मी ती नाकारत नाही. पण शाळा दूर गेली की पहिला प्रश्न वाटेचा असतो, आणि वाटेचा प्रश्न आधी मुलींना लागू होतो. आमच्या समाजात एखादा बाप मुलीला सातवीनंतर घरी बसवतो, तेव्हा कारण विचारलं तर तो सांगतो, शाळा लांब आहे. काही वेळा तो बहाणा असतो, हे मी बरंच पाहिलं आहे आणि त्याच्याशी भांडलोही आहे. पण काही वेळा बाप खरं बोलत असतो. वाटेत अर्धा किलोमीटर निर्जन आहे, किंवा दारूचं दुकान आहे, किंवा एसटी फाट्यावरच सोडते आणि पुढे पायी जायचं आहे. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे. हे चांगलंच आहे. पण पास फाट्यापर्यंतचा आहे, फाट्यापासून शाळेपर्यंतचा नाही. या बापाचा बहाणा मोडून काढायचा असेल तर आधी वाट मोजावी लागेल. ‘शाळा ९०० मीटरवर आहे’ असं कागद दाखवून त्याला गप्प बसवता येत नाही, कारण वाट त्याने चाललेली असते.

हजार वर्षांपूर्वी एका माणसाने हा फरक किती काटेकोरपणे सांभाळला होता ते पाहा. अल-बिरूनी आपल्याला ‘किताब-उल-हिंद’मुळे माहीत असतो, पण त्याचं दुसरं एक पुस्तक आहे, ‘तहदीद’, इसवी सन १०२५ च्या सुमाराचं. शहरांच्या जागा निश्चित करणं आणि त्यांच्यामधली अंतरं दुरुस्त करणं हा त्याचा विषय. गझनीहून मक्केची दिशा काढायची तर गझनीचे अक्षांश-रेखांश हवेत. अक्षांश सूर्याच्या उंचीवरून मिळतात, रेखांश मिळवणं अवघड. त्याच्या हाताशी होती काफिल्यांची अंतरं, फरसखमध्ये सांगितलेली, म्हणजे वाटेची लांबी. त्याने बगदादपासून गझनीपर्यंत मधल्या शहरांची साखळी घेतली, प्रत्येक टप्प्यात रस्त्याच्या वळणांपोटी काही हिस्सा वजा केला आणि टप्प्याटप्प्याने पुढे सरकला. पृथ्वी गोल असल्याने त्याचं गणित आपल्या सपाट त्रिकोणापेक्षा कठीण होतं, पण जात तीच. हाताशी अंतर आहे आणि हवं आहे विस्थापन, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्याने दुरुस्ती केली. आमचे अधिकारी उलट करतात. हाताशी विस्थापन असतं, हवं असतं अंतर, आणि दुरुस्ती कुणीच करत नाही. बिरूनीचं नाव घेऊन ‘हमारे असलाफ’ म्हणत छाती फुगवणारे आमच्या मोहल्ल्यांत पुष्कळ आहेत. त्यांच्यातल्या किती जणांनी त्याच्यासारखी एक तरी बेरीज करून पाहिली, ते विचारायची सोय नाही.

विस्थापन या शब्दाचा दुसरा अर्थ आमच्या जिल्ह्यात भौतिकशास्त्रापेक्षा जास्त चालतो. नांदुरा तालुक्यात पूर्णेवर जिगाव प्रकल्पाचं काम वर्षानुवर्षं चाललं आहे. बुडित क्षेत्रातल्या गावांतली माणसं स्वतःला विस्थापित म्हणतात. व्याख्यानांत या शब्दावर कोटी करून टाळ्या घेणारे मी पाहिले आहेत. मला कोटी नको, गणित हवं. समजा एका गावाचं गावठाण बुडालं आणि नवीन गावठाण ३ किलोमीटर दक्षिणेला वसलं. काही शेतजमीन पाण्याबाहेर राहिली, ती होती तिथेच आहे. घराला ३ किलोमीटर दक्षिणेचा सदिश लागला, शेताला शून्य. ज्याचं शेत आधी घरापासून १ किलोमीटर उत्तरेला होतं, त्याचं आता ४ किलोमीटरवर गेलं. ही सदिशांची वजाबाकी आहे, अकरावीच्या पहिल्या महिन्यातली. गाव कागदावर एकदाच ३ किलोमीटर सरकतं. शेतकरी ते ३ किलोमीटर रोज सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा जास्त चालतो, म्हणजे वर्षाला दोन हजार किलोमीटरच्या वर. बैल, औत, खताची पोती आणि डोक्यावरचा चारा वेगळाच. पुनर्वसनाच्या कागदात गावठाण किती सरकलं एवढंच लिहून चालणार नाही, प्रत्येक खातेदाराचं घर ते शेत हे वाटेवरचं अंतर आधी किती होतं आणि नंतर किती झालं, हा रकाना हवा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, तलाठ्याला एक तक्ता वाढवून द्यावा लागतो.

शिक्षक मित्र म्हणतात की हे सगळं खरं, पण वेळ कुठे आहे? अभ्यासक्रम संपवायचा आहे, मूल्यमापन आहे, वरून रोज नवीन माहिती भरायची आहे. त्यांची ओढाताण मी जाणतो. तरी सांगतो, दोन तासिका पुरतात. जिल्ह्याचा नकाशा झेरॉक्स करून आणा, १ सेंटिमीटरला ५ किलोमीटर या प्रमाणात. पट्टी, कोनमापक आणि शिवणाचा दोरा एवढंच साहित्य. पट्टीने बुलढाणा ते मलकापूर मोजलं की पावणेआठ सेंटिमीटरच्या आसपास येईल, मलकापूर ते खामगाव साडेआठ, आणि तिसरी बाजू न काढताच बुलढाणा ते खामगाव सुमारे ९ येतं का, ते पोरांनी स्वतः तपासावं. मग दोरा रस्त्यावरून वळणावळणाने ठेवत न्यायचा आणि सरळ करून पट्टीवर मोजायचा. दोन्ही आकडे शेजारी लिहायचे. शेवटचा प्रश्न लेखी द्यायचा: विमानाला कुठला आकडा हवा, एसटीच्या कंडक्टरला कुठला, आणि तुमच्या शाळेत सगळ्यात लांबून येणाऱ्या मुलीला कुठला? उत्तराखाली त्या मुलीची वाट काढायची, नाला आणि पूल दाखवून, आणि ती कागदं गठ्ठा करून केंद्रप्रमुखांकडे पाठवून द्यायची.